आजी, पोटाचं सांग!

आमच्या ग्रामीण रुग्णालयात पेशंट एकटा कधीच येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे पाच-सहा जण आधी येतात, पेशंट मागून. लिंबागणेशच्या पलीकडची ती म्हातारी अशीच आली. पोट टम्म फुगलेलं, तीन दिवस ओकाऱ्या, अंगावर मूठभर मांस नाही. बोलायला पुढे तिशीतला नातू, खिशात दोन मोबाईल.

"गुडघा लई दुखतोय," म्हातारी म्हणाली.

"आजी, गुडघ्याचं कुनी इचारलं? पोटाचं सांग!" नातू खेकसला.

मीही तेच केलं. "गुडघ्याचं नंतर बघू, आजी." अहो, वीस वर्षं पोटं उघडतोय मी, पोट कुठे आणि गुडघा कुठे हे मला कळत नाही होय! एक्स-रेत आतडं अडकलेलं दिसत होतं. कुठे, ते दिसत नव्हतं. सोनोग्राफीचं मशीन होतं, पण ते चालवणारे डॉक्टर फक्त गुरुवारी येत, आणि तो सोमवार होता.

तेवढ्यात नातवाने मोबाईल माझ्या कानाला लावला. त्याचे साहेब, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, बोलत होते. "डॉक्टर, घरचा पेशंट हाय. ताबडतोब अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात हलवा."

कशात हलवू? आमची एकुलती एक अँब्युलन्स सकाळपासून याच साहेबांच्या ताफ्यामागे पळत होती. हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. "हो साहेब," म्हटलं आणि अँब्युलन्सची वाट बघत चहा घेतला.

वॉर्डातल्या सिस्टरनी मात्र सगळ्या नातेवाइकांना बाहेर हाकललं, म्हातारीजवळ बसल्या आणि मला बोलावलं. "सर, कळ मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत उतरते. पाय पोटाशी घेतला की कमी होते. सरळ केला की ओरडतात."

अरे देवा! वाळलेल्या म्हाताऱ्या बायकांत क्वचित आतडं कमरेच्या हाडातल्या एका भोकात शिरून अडकतं, तिथली नस दाबते आणि कळ गुडघ्यात जाते. ऑब्ट्युरेटर हर्निया म्हणतात त्याला. परीक्षेत यावर लिहून मी मार्क घेतले होते. तो स्वतःच्या तोंडाने सांगायला आला, तर मी त्याला गप्प बसवलं. तेवढ्यात आतडं सडलं असतं तर म्हातारी गेली असती.

अंबाजोगाईचा विचार सोडला. बीडहून भूलतज्ज्ञ मोटारसायकलवर आले, मदतीला त्याच सिस्टर उभ्या राहिल्या. पोट उघडून भोकातलं आतडं सोडवलं, तर ते काळंनिळं. त्यावर कोमट सलाईनच्या घड्या ठेवून आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. बऱ्याच वेळाने लाली आली. "आली गं बाई!" सिस्टर म्हणाल्या. मला रडूच आलं, पण मास्क होता.

म्हातारी घरी निघाली त्या दिवशी व्हरांड्यात सत्कार झाला. बॅनरवर साहेबांचा हसरा फोटो: त्यांच्या तत्पर फोनमुळे आजींचे प्राण वाचले. कमाल आहे बुवा, मी मनात म्हटलं. मग माझं नाव पुकारलं. मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभा राहिलो.

"पर सर, वळखलं कसं वो तुमी?" नातवाने माईकवर विचारलं.

"अनुभव," मी म्हणालो.

सिस्टर म्हातारीला धरून दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.