थंडीची वाट पाहणारे वामनराव

होळी जळली की नागपुरात कूलर माळ्यावरून उतरतो. हा आमच्याकडचा धर्म आहे, त्याला पंचांग लागत नाही. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत यंदा फक्त वामनरावांची खिडकी मोकळी राहिली.

वामनराव विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहत थेट आभाळात चढले. उत्तर ध्रुवावर, जमिनीपासून तीस किलोमीटर वर, हिवाळ्यात वाऱ्याचा मोठा भोवरा फिरत असतो. यंदा तिथली हवा एकाएकी तापली, भोवरा फाटला, आता त्यातली थंडी खाली सांडणार, असं ते बागेत भेटेल त्याला समजावत. इथवर ठीक होतं. अशा फाटाफुटीनंतर कुठे कुठे थंडी पडते, हे शास्त्रज्ञही म्हणतात. वामनरावांनी मात्र तिला आपल्या गल्लीचा पत्ता देऊन टाकला, आणि ती येईस्तोवर कूलर लावणार नाही असं चार लोकांत बोलून बसले.

त्यांच्या बायकोला, शोभाताईंना, रक्तदाबाचा त्रास. स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या तेव्हा पदर पिळून घ्यावा इतका भिजलेला असायचा. आपण दोघी मिळून कूलर उतरवू, असं मी त्यांना म्हटलंही. लोक यांना हसतील, म्हणून त्याच नको म्हणाल्या. मला वामनरावांचा संताप यायचा. ध्रुवावरचं तापमान तोंडपाठ, आणि घरातली बाई भाजून निघालेली दिसत नव्हती.

एप्रिल सरत आला, पारा चव्वेचाळीसवर गेला. वरची थंडी खाली यायला वेळ लागतो, हे वामनरावांचं पालुपद चालूच होतं. हेच पटवायला ते एका दुपारी डोक्याला दुपट्टा न बांधता चौकात गेले आणि भिंत धरत परतले. ऊन लागलं होतं.

शोभाताईंनी मला हाक मारली. वामनराव तापानं फणफणले होते, दात वाजत होते.

"मले रजई दे," ते म्हणाले. "लय थंडी वाजून राहिली."

शोभाताई त्यांच्या तळपायांना कांदा चोळत होत्या. "आली ना तुमची थंडी," त्या म्हणाल्या. "आता कूलर उतरवू का?"

वामनरावांनी डोळे मिटूनच मान डोलावली. आम्ही दोघींनी कूलर उतरवला, वाळ्याच्या ताट्या भिजवून सुरू केला. थोड्या वेळानं वामनराव पुटपुटले, "शोभा, कूलरच्या पट्ट्या तुह्याकडे फिरव. घामानं भिजली तू."

साऱ्या मोसमात वाऱ्याची दिशा त्यांनी तेवढी एकदाच बरोबर सांगितली.