कांताला ऐकू येत नाही

भागीरथाबाई पहिल्यांदा आमच्या शाळेत आली ती १९५८ च्या जुलैत, जेवणाच्या सुट्टीत. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि शाळा म्हणजे मजुरांच्या कॅम्पातल्या टिनाच्या दोन लांब खोल्या होत्या. मी पहिलीचा मास्तर. वय बावीस, दुर्गहून सायकलीने येणारा. बाई दारात उभी होती. डोक्यावरची चुंबळ काढून तिने हातात धरली होती, कारण बांधकामावर घमेली वाहण्याच्या कामावरून ती तशीच धावत आली होती. शेजारी सहा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

"कांता नाव आहे जी. पयलीत घालाची आहे."

हेडमास्तर दौलतराव यांनी मुलीकडे पाहून विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?" मुलगी आईकडे पाहत राहिली.

"लाजते," भागीरथाबाई म्हणाली. "कमी बोलते."

दौलतराव हसले. "आमच्या पहिलीत बारा तेलुगू आहेत, सहा बंगाली आहेत, दोन कुठले आहेत ते त्यांच्या बापालाच माहीत. बोलतं कोण? लिहा हो नाव."

मी नाव लिहिलं.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर ती पुन्हा आली. मी फळा पुसत होतो. ती दाराशी उभी राहिली, आणि मलाही समोरच्याला विचारता येत नाही, तेव्हा मी पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "गुरुजी, तुमच्याजवळ लपवून चालाचं नाई. हिले ऐकू येत नाई."

तिसऱ्या वर्षी ताप आला, त्यात दोन्ही कान गेले. तोवर शिकलेले चार-सहा शब्द राहिले होते, आई, पाणी, हो, एवढेच. हे कुटुंब तुमसरजवळच्या एका खेड्यातलं. बाबासाहेबांबरोबर बौद्ध दीक्षा घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी पोट भरायला इकडे आलेलं. नवरा धोंडबा कारखान्यात खलाशी होता, म्हणजे जड लोखंड दोरखंडांनी उचलून जागेवर बसवणाऱ्यांपैकी.

"मागच्या साली दुसऱ्या एका शाळेत मी खरं सांगतलं होतं," ती म्हणाली. "तिथले मास्तर म्हणे, बहिरी पोट्टी कायले आणली, बकऱ्या राखाले ठेव. माह्याजवळ बकऱ्याई नाईत. मग इथं नाव घालताना मी कावून खरं सांगू?"

मी म्हणालो, पण हजेरीला ती उत्तर कसं देईल? ह्यावर तिचा विचार आधीच झालेला होता. तिने माझ्या नाकाकडे बोट दाखवलं.

"तुमचा चष्मा असाई घसरते. हिचं नाव आलं का तुमी चष्मा वर करत जा. ती उभी राईन अन् हो म्हणन. मी घरी शिकवून ठेवते."

मी नाही म्हणालो नाही. लोक पुढे म्हणाले की गुरुजींनी दया केली, पण ते खरं नाही. कोणाला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

घरी ती कसं शिकवत होती ते मी एकदा पाहिलं. कॅम्पातल्या त्यांच्या टिनाच्या खोलीत भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली कांता बसलेली. तिच्या मागे धोंडबा थाळी घेऊन, समोर भागीरथाबाई. धोंडबाने थाळी वाजवली की बाई भुवया उडवायची. भुवया उडाल्या की कांताने झटकन मागे वळायचं. वळली की गुळाचा खडा.

"साइटवर माह्या डोक्यावर लोखंड आलं तरी मी इतक्या लवकर वळत नाई," धोंडबा म्हणाला.

"म्हणूनच तुमाले गूळ भेटत नाई," भागीरथाबाई म्हणाली.

कांता दोघांची तोंडं पाहून हसली. ती तोंडं पाहूनच हसायची, तोंडं पाहूनच गप्प व्हायची. शाळेतही थोड्याच दिवसांत माझ्या चष्म्याची तिला फारशी गरज उरली नाही. समोरचं पोर दचकलं की ती वळायची, सगळे उठले की उठायची. फळ्यावरचं अक्षर अन् अक्षर तिच्या पाटीवर उतरायचं, माझ्याहून सुबक. बेरजा बरोबर यायच्या. पण मी गोष्ट सांगत असलो की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बसायची, आणि गोष्ट संपल्यावर इतर मुलांबरोबर मान डोलवायची. तिच्या आत काहीच गेलेलं नाही हे मला माहीत होतं. मी तिला पास करत गेलो. पहिली, मग दुसरी; वर्गाबरोबर मलाही वरच्या इयत्तेवर पाठवत होते.

१९६० च्या थंडीत टाउनशिपच्या दवाखान्यातून शाळेला एक पत्र आलं. नागपुरातल्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या एका शाळेचे डॉक्टर येणार होते. कॅम्पातल्या आणि टाउनशिपच्या सेक्टरांतल्या मुलांतून चौघांना निवडणार होते. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. ओठांवरून बोलणं कसं ओळखायचं, आवाज कसा काढायचा, हे तिथे शिकवत. वयाची अट एकच, नऊ पूर्ण झालेली नकोत. कांता आठ वर्षांची होती.

पत्र मी भागीरथाबाईला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

"अशी शाळा असते?" तिने विचारलं. "आमाले कोणी सांगतलंच नाई. नाईतर आमी हे सोंग कायले शिकवलं असतं?"

दौलतरावांपुढे खरं सांगायला ती स्वतः गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, दोन वर्षं ती हजेरी देते आहे. मी स्वतः ऐकलं आहे. फुकटचं राहणं-जेवण दिसलं म्हणून मुलगी बहिरी झाली का?" तरी नाव यादीत टाकलं. डॉक्टर ठरवतील, म्हणाले.

मग घरी उलटा अभ्यास सुरू झाला. थाळी वाजली तरी वळायचं नाही, हे त्या मुलीला सांगायचं कसं? धोंडबाने थाळी वाजवली, बाईने भुवया हलू दिल्या नाहीत, तर कांताने तिच्या मानेकडे पाहिलं. मान स्थिर ठेवली तर श्वासाकडे पाहिलं आणि वळली. बाईने तिचे खांदे धरून ठेवले. गूळ दिला नाही. कांताला वाटलं आपली काही चूक झाली, आणि ती आणखी जोरात वळू लागली. तिसऱ्या दिवशी तर थाळी न वाजवताच वळायला लागली. धोंडबाने थाळी कोपऱ्यात ठेवून दिली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "डाक्टर आहे. त्याले समजन."

दवाखान्यातल्या त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. डॉक्टर टेबलाशी, शेजारी खुर्चीवर दौलतराव, भिंतीला टेकून भागीरथाबाई. कांताला मधोमध स्टुलावर बसवलं होतं. मी तिच्या समोर उभा होतो. मला खरं म्हणजे तिथे असायचं कारण नव्हतं. कांता घाबरू नये म्हणून बाईनेच मला बोलावलं होतं. धोंडबाला सुट्टी मिळाली नव्हती. बाहेर व्हरांड्यात तीस-चाळीस मुलं आणि त्यांचे आईबाप बसले होते.

भागीरथाबाईने येताच तोंड फिरवलं आणि पदर चेहऱ्यावरून ओढून घेतला. आपला चेहरा मुलीला दिसूच नये, इतका विचार तिने केला होता. माझा विचार तिने केला नव्हता, किंवा माझ्यावर भरवसा ठेवला होता.

डॉक्टर कांताच्या मागे गेले आणि त्यांनी पितळेची घंटा वाजवली. कांता माझ्याकडे पाहत होती. माझं अंग घामाने भिजलं होतं, चष्मा घसरत होता. माझा हात वर गेला.

ती वळली.

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने घंटा वाजवली. मी हात पाठीमागे बांधून घेतले. पण घंटेचा आवाज झाला की माणसाची नजर तिकडे जाते, माझीही गेली असणार. कांता पुन्हा वळली. वळून तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत शाबासकीसाठी पाहायची तसं.

"ऐकतेय की," डॉक्टर म्हणाले. "थोडं कमी असेल. आमच्याकडे अगदीच न ऐकणारी खूप आहेत, बाई."

भागीरथाबाईने पदर सारला. "साहेब, हिले काईच ऐकू येत नाई. हे आमीच शिकवलं. शाळेतून काढू नये म्हणून. तोंड पाहून वळते ती. तुमी साऱ्याईले बाहेर काढा अन् मग वाजवा. माह्या पोरीवर एवढी मेहेरबानी करा."

डॉक्टरांनी घंटा टेबलावर ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी दौलतरावांकडे पाहिलं. दौलतराव माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन वर्षं तुमच्या वर्गात आहे. तुम्ही पास केलं आहे. ऐकू न येता पास केलं का, गुरुजी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते, कांतासुद्धा. हो, न ऐकू येता पास केलं, एवढंच म्हणायचं होतं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पण त्या वेळी नोकरीचा विचार मनात आला होता असंही मला छातीठोक सांगता येत नाही. माझ्या तोंडून निघालं, "वर्गात तर बरी आहे."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

व्हरांड्यात बाईने कांताच्या पायात चपला घातल्या. मी मागे उभा होतो. ती मुलीचा हात धरून निघाली. दुसऱ्या दिवसापासून कांता शाळेत आली नाही. आठवड्याने मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, तिला पाठवा, मी जास्त लक्ष देईन.

"नाई गुरुजी," भागीरथाबाई म्हणाली. "तिथं बसून ती काय शिकून रायली? ऐकू येते असं दाखवाले शिकून रायली. ते तिले आता पुरं येते."

त्यानंतर ती बाई स्वतःच दुर्गहून गाडीत बसून नागपूरला गेली. घमेल्याचं काम बुडवून, मुलीला घेऊन, शाळेचा पत्ता विचारत विचारत. तिथे सांगितलं की आमच्या डॉक्टरांचा कागद आहे, मुलगी ऐकते. आता तुमच्या मास्तरांनी लिहून द्यावं, हेडमास्तरांचा शिक्का आणावा, मग पुन्हा तपासू. ती परत येऊन माझ्यापुढे उभी राहिली. दोष दिला नाही. कागद मागितला.

मी त्याच दिवशी लिहिला. खरं ते सगळं लिहिलं, चष्म्याचंसुद्धा. पण शिक्क्यासाठी तो दौलतरावांपुढे ठेवायचा होता. तीनदा मी त्यांच्या टेबलापर्यंत जाऊन परत आलो. एकदा त्यांना ताप होता, एकदा तपासणी होती, एकदा काहीच नव्हतं. धोंडबा रस्त्यात भेटला की म्हणायचा, "गुरुजी, तुमचा कागद आमच्या गर्डरपेक्षा जड दिसते. क्रेन पाठवू का?" हसत म्हणायचा. मी पण हसायचो.

चौथ्या महिन्यात मी तो कागद दाखल्यांच्या गठ्ठ्यात घालून पुढे ठेवला. दौलतरावांनी न वाचता सगळ्यांवर शिक्के मारले.

भागीरथाबाई तो घेऊन पुन्हा नागपूरला गेली. ह्या वेळी खोलीत तपासणाऱ्यांशिवाय कोणी नव्हतं, कांताला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि घंटा वाजवली. ती वळली नाही. सगळ्यांना पटलं. पण नवव्या वाढदिवसाला तीन आठवडे उलटून गेले होते आणि जागा भरल्या होत्या. तिथल्या एका बाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी दुपारभर भागीरथाबाईला बसवून एक शिकवलं. मुलीचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, एक शब्द म्हणायचा, मग तिचा हात तिच्याच गळ्यावर. असं रोज.

ते तिने रोज केलं. दिवसभर घमेली वाहून आल्यावर, चूल पेटवण्याआधी. पाच-सहा वर्षं. कांताला त्यातून अठरा-वीस शब्द आले. बापाला ती "बा" म्हणायला लागली. त्या शाळेत गेली असती तर किती आले असते ते मी मोजत नाही.

धोंडबा पुढे कायम झाला, क्वार्टर मिळालं. कांताचं लग्न झालं नाही. तिच्या अक्षरामुळे भिलाईतल्याच सुपेला भागातल्या एका शिंप्याकडे मापं लिहून ठेवायचं आणि काजं करायचं काम तिला मिळालं. मी दुसऱ्या शाळेत गेलो. आमच्या भेटी तुटल्या. मीच तुटू दिल्या.

भागीरथाबाई १९८७ मध्ये गेली. मला निरोप आला तो तिसऱ्या दिवशी. मी गेलो. खोलीत बुद्धवंदना होऊन गेली होती, नातेवाईक बसले होते. धोंडबा भिंतीला टेकून होता, थकलेला. त्याने मला ओळखलं आणि बसायला जागा करून दिली. थोड्या वेळाने म्हणाला, "ती सांगे, गुरुजीचा हात चष्म्यावर गेला होता. मी पदराआडून पायलं, म्हणे."

"तिने मला कधी म्हटलं नाही," मी म्हणालो.

"कायले म्हणन? कागद तुमच्याजवळून घ्याचा होता."

कांता आईच्या जागेवर बसली होती. पस्तिशीची झाली होती. जो बोले त्याच्याकडे ती वळत होती, योग्य जागी मान हलवत होती, कोणी रडलं की डोळे पुसत होती. तुमसरकडून आलेली एक म्हातारी तिच्याकडे पाहून शेजारणीला म्हणाली, "हिले तं सारं ऐकू येते वो. उगाच म्हणत होते लोक."

मी म्हणालो, "नाही. हिला काहीच ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं."

माझा आवाज जरा मोठा निघाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. सगळे पाहतात म्हणून कांतानेही माझ्याकडे पाहिलं. चष्मा घसरला होता, पण मी हात वर नेला नाही. तिने जरा वेळ वाट पाहिली, आणि मग इतरांसारखी मान डोलवली.