डोक्यावरच्या भाऱ्यासकट

सुदाम गेल्याची बातमी मला जाफराबादच्या बसस्टँडवर कळली, तीही जीपवाल्याकडून. "सर, तुमचे ते ड्रॉइंगचे सर गेले ना... आज सकाळीच, जालन्याला दवाखान्यात," असं म्हणत त्यानं मला पुढच्या सीटवर जागा करून दिली. इतक्या वर्षांत त्या जीपमध्ये पुढची सीट मला मिळाली ती तेवढी एकदाच. आठवड्यानं शाळेत शोकसभा झाली. एका वक्त्यानं त्याला 'तालुक्यातील संगणक क्रांतीचे जनक' केलं, दुसऱ्यानं 'कलामहर्षी'. तो नेमकं काय करत होता, हे त्या दोघांनीही त्याला कधी विचारलेलं मला आठवत नाही. म्हणून हे लिहितो आहे. सुदाम जवळजवळ वर्षभर एका बाईला संगणकाच्या पडद्यावर वीस पावलं चालवत होता. ती बाई म्हणजे त्याची आई.

आम्ही दोघं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकाच वर्षी या शाळेत लागलो, मी मराठीला, तो चित्रकलेला. मी पिंपळगाव रेणुकाईचा, तो धावड्याच्या बौद्ध कुटुंबातला. वडील लवकर गेले. आई, गयाबाई, हिनं लोकांच्या शेतात मजुरी करून त्याला शिकवलं. पुढे वीसेक वर्षांनी शाळेत संगणक आला तेव्हा मॉनिटरला हार घातला, सीपीयूला कुंकू लावलं आणि उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. ते संपेपर्यंत लाइट गेले होते, त्यामुळे यंत्र सुरू होताना कोणी पाहिलंच नाही. त्यानंतर ते एका कुलूपबंद खोलीत कव्हरखाली गेलं. सुदामनं तीन वेळा लेखी अर्ज करून त्या खोलीची किल्ली मिळवली आणि मासिकांसोबत येणाऱ्या सीड्यांवरून तो एकटाच ॲनिमेशन शिकला.

त्याच सुमारास गयाबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. डोळ्यांत काचबिंदू होताच. नजर फार तर वर्षभर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. एकदा मी भेटायला गेलो असताना त्या लेकाला म्हणाल्या, "सुदाम, मी कशी चालत व्हते रं? पडल्या पडल्या लई आठवून पाह्यते... मलाच आठवंना." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सुदाम मला म्हणाला, "मास्तर, मायला तिची चाल दाखवायची. नजर हाये तवर."

पडद्यावरच्या माणसाला चालवायचं तर आधी त्याच्या आत हाडं बसवावी लागतात. त्याला रिगिंग म्हणतात. मान, खांदा, कंबर, गुडघा असा एकेक सांधा हातानं जोडत बसलं तर महिने जातात. म्हणून ऑटोमॅटिक टूल असतात. त्यांना हनुवटी कुठे, मनगट कुठे, गुडघा कुठे एवढं दाखवलं की ती आपली आपण सांगाडा उभा करतात. सुदामकडे सीड्यांवरून गोळा केलेली अशी तीन टूल होती. त्यानं आईची आकृती लुगड्यासकट आणि डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यासकट एकसंध बनवून पहिल्या टूलला दिली. टूलनं भाऱ्यालाच डोकं मानलं. "हे पाहा मास्तर," तो म्हणाला, "मायला मान वळव म्हणलं, तर भारा नंदीबैलासारखा डोलून राह्यला!"

"मंग भारा काढून टाक ना. आधी हाडं बसव, मागून ठेव वर," मी म्हणालो.

"मोकळ्या डोक्यानं चालताना मी मायला पाह्यलंच न्हाई. तशी बनवली तर ती कुनाची बी माय होईल."

आठ दिवसांनी त्यानं भारा वेगळा केला. ती युक्ती माझी होती, असं मात्र त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

दुसरं टूल हुशार होतं, पण शाळेच्या संगणकाला ते झेपत नव्हतं. दर दहा मिनिटांनी पडदा गोठायचा. तिसरं साधं होतं आणि निमूट चालायचं, पण त्याचा एक हट्ट होता. उजवा पाय बसवला की त्याचीच नक्कल ते डावीकडे करायचं. गयाबाईंचा डावा पाय लहानपणापासून किंचित आखूड, त्यामुळे चालताना त्या दर पावलाला डावीकडे झुकायच्या. सुदाम डावी कंबर खाली घ्यायचा, की टूल उजवीही खाली घ्यायचं. त्याच्या पडद्यावर गयाबाई पंधरा दिवस झकास सरळ चालत होत्या, आणि तो अधिकाधिक चिडत होता. औरंगाबादच्या एका ॲनिमेशन क्लासच्या संचालकांना त्यानं फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. संचालक म्हणाले, "सर, आहे ते ठेवा ना! लोकांना सरळ चालच बघायला आवडते."

"लोकांना न्हाई हो, एकीलाच दाखवायचंय," सुदाम म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

शेवटी मेनूच्या पोटात कुठेतरी ती नक्कल बंद करायची खूण त्याला सापडली. डाव्या पायाची सगळी हाडं पुसून त्यानं ती एकेक करून हातानं बसवली. "न चुकणारं टूल कुठंच न्हाई, मास्तर," तेव्हा तो म्हणाला होता. "चुकल्यावर जे आपल्याला हात घालू देतं, ते आपलं." मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, पण यंत्र कसं निवडावं याबद्दल इतकं उपयोगी वाक्य मला त्यांत मिळालेलं नाही.

आईला खुर्चीत बसवून, जीप करून त्यानं शाळेत आणलं. गयाबाईंनी नाक जवळजवळ पडद्याला लावलं. "मीच हाये बिलकुल," त्या म्हणाल्या. सुदामचा चेहरा उजळतो न उजळतो तोच पुढचं वाक्य आलं, "पण ह्या भाऱ्यात गवत हाये का हवा? वझं कुठंच दिसंना."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुदामनं ओल्या गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि तो मैदानात चालू लागला. मी वही आणि घड्याळ घेऊन बाजूनं चालत होतो. कोणत्या पावलाला कंबर किती खचते, मान कशी होते, पाय किती वेळ जमिनीवर राहतो, हे टिपत होतो. अर्धा स्टाफ व्हरांड्यात जमला. मुख्याध्यापक खिडकीतून ओरडले, "अहो, हे काय चाललंय?"

"कार्यानुभव, सर!" सुदाम भाऱ्याखालून ओरडला.

हे पंधरा दिवस चाललं. त्याची मान अवघडली, माझी वही भरली आणि त्या नोंदींवरून त्यानं आईची चाल पुन्हा बसवली. तोवर गयाबाईंची नजर बरीच उतरली होती. नवी चाल त्यांनी तीनदा लावायला सांगितली. तिन्ही वेळा पडद्याला भिडून पाहिली आणि मग म्हणाल्या, "आता बराबर." सुदामनं संगणक बंद केला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या हृदयानं दगा दिला.

तीन आठवड्यांपूर्वी मी त्याच्या घरी गेलो. पुढे त्यानं घरी घेतलेला संगणक आता आईच्या खाटेशेजारी आहे. सुदामच्या पत्नीनं चहा आणून दिला. गयाबाईंनी आवाजावरून मला ओळखलं आणि म्हणाल्या, "मास्तर, ते लावा ना." मी लावलं. पडद्यावर गयाबाई भारा घेऊन चालू लागल्या. खाटेवरच्या गयाबाई भलतीकडेच पाहत होत्या.

"चौथ्या पावलाला मान आत घेते का ती?" त्यांनी विचारलं.

मी नीट पाहिलं. "घेते."

"ती माझी मान न्हाई. वझं घेतलं की माझी मान ताठ ऱ्हायची. मान आत घ्यायची खोड सुदामची, ल्हानपणापासून. घागर दिली तरी बी तसंच." त्या किंचित हसल्या. "म्या तवाच पाह्यलं व्हतं. सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर सारं मोडून पुन्हा बसला असता."

वीस पावलं संपली. पडदा थांबला.

"आता मला काई दिसत न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमी पाहा अन् सांगत ऱ्हा. लावा पुन्हा."

मी पुन्हा लावलं. एक, दोन, तीन... आणि चौथ्या पावलाला त्यांना सांगितलं, "घेतली."