मशीन बंद केलं म्हणजे नेमकं काय केलं?

मी इंग्लंडात पोलीस अधिकारी आहे. कॉव्हेंट्रीच्या पोलीस स्टेशनात चौकशीच्या टेपवर ऐकलेलं एक वाक्य मी अजून विसरलेले नाही: "येस, आय क्लोज्ड द मशीन."

शहराबाहेरच्या एका गोदामात हाताने खोकी भरणाऱ्या बायकांच्या जागी पॅकिंग मशीन बसवलं होतं. बायकांनी विरोध सुरू केला. शुक्रवारी युनियनची कंपनीशी बोलणी ठरली होती. बुधवारी सकाळी मशीन सुरू होताच आतले दाते तुटले. मशीनच्या दाराआड एक पाना सापडला. तासाभरात स्टेशनला निनावी फोन आला: "त्या मराठी बाईला विचारा. हे मशीन मीच बंद करीन, असं ती सगळ्यांसमोर बोलली होती."

बाई पन्नाशीच्या, मूळच्या सांगलीकडच्या. बोलणी करणार होत्या त्याच. कंपनीने त्यांना लगेच निलंबित केलं. पहिली चौकशी माझ्या सार्जंटने घेतली. दुभाषी हवा का विचारल्यावर त्या "इंग्लिश ओके" म्हणाल्या. दुभाषी नाकारणारी माणसं बहुधा अभिमानापोटी नाकारतात.

"कबुली मिळाली, मॅम," सार्जंट खुशीत म्हणाला. "इंग्लंडातले विणकरही मशिनं फोडायचे. जुनी परंपरा!"

"पाना टाकला असं म्हणाल्या?"

"मशीनचं दार 'क्लोज' केलं म्हणाल्या. म्हणजे आधी उघडलं असणार."

मी टेप ऐकली आणि मला हसू आलं. माझी आई इतकी वर्षं इथे राहून अजून "क्लोज द लाइट" म्हणते; मराठीत दारही बंद करतात आणि दिवाही.

तपास माझ्याकडे असताना मी स्वतः दुभाषी होऊ शकत नव्हते. अधिकृत दुभाषी बोलावला, वकील बसवला आणि चौकशी पुन्हा घेतली. हाताने नेमकं काय केलंत, दार लावलंत का, एवढंच विचारलं.

"अहो, बंद केलं! खोकी फाडत होतं ते. बटण दाबलं. दिवा बंद करतो तसं. दिव्याला काय दार असतं?"

"कधी?"

"मंगळवारी पावणेचारला. चारला घरी गेले."

"आणि 'मीच बंद करीन' ते?"

"शुक्रवारी बोलणीच्या टेबलाशी बसून हो! त्याला पाना कशाला लागतो?"

मशीनची नोंद मागवली. पावणेचारला बटण बंद. त्याच दिवशी साडेचारला दार उघडलं होतं, कंपनीच्याच फिटरच्या कार्डाने. फिटरला बोलावून पाना समोर ठेवला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "दुरुस्ती करताना आत राहिला. नंतर सांगायची हिंमत झाली नाही."

म्हणजे गुन्हा घडलाच नव्हता. रिपोर्ट सार्जंटने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला. गुरुवारी निलंबन मागे घेतलं गेलं आणि शुक्रवारी बाई बोलणी करायला बसल्या. मशीन राहिलं, पण एकाही बाईची नोकरी गेली नाही. ते चालवायला त्यांनाच शिकवायचं, हे कंपनीने लिहून दिलं.

यंत्राला विरोध करणं हा गुन्हा नाही, यंत्र मोडणं हा गुन्हा आहे. या दोन्हींत गल्लत होऊ न देणं हे पोलिसाचं काम. त्या आठवड्यात आम्ही ते चोख केलं.