पांढरीतलं भुयार

दर बुधवारच्या आगेमागे नानांचं पोस्टकार्ड येई. मी तेव्हा जळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि मेहरूणच्या तलावाकडे एका खोलीत एकटी राहत होते. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या पुढे पांझरेच्या काठच्या आमच्या गावात एकटे राहत. प्राथमिक शाळेतून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी माय काविळीनं गेली. ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट.

सुरुवातीच्या कार्डांत तब्येत, हवापाणी आणि 'काळजी नसावी' एवढंच असे. मग एक कार्ड आलं ते पत्त्याच्या बाजूपर्यंत बारीक अक्षरानं भरलेलं. गावाच्या पूर्वेला जी पांढरी आहे, तिच्या नदीकडच्या अंगाला नानांना एक भुयार सापडलं होतं.

पांढरी म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या वस्तीचं टेकाड. आमच्याकडे काळ्या रानात मधेच अशी फिकट, राखेसारख्या मातीची उंच जागा दिसते. पावसानं कड ढासळली की खापरं उघडी पडतात. आमची पांढरी बाभळी आणि घाणेरीनं झाकून गेली होती. नाना संध्याकाळी फिरायला तिकडे जात. एका पावसाळ्यानंतर दरडीत त्यांना वाकून आत जाता येईल एवढं तोंड दिसलं.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा हातपाय धुवायच्या आधी ते मला तिकडे घेऊन गेले. बॅटरी त्यांच्या हातात, मी मागे. पंधरा-वीस पावलांवर वाट डावीकडे वळत होती आणि पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा होती. तिथे भिंतीत एक कोनाडा होता, वर काजळी धरलेली. आत गारवा होता. नाना हळू आवाजात बोलत होते, वर्गात धडा समजावताना बोलत तसे.

"हे घाव बघ. सगळे एका लयीत आहेत. आणि ही उजवी भिंत नीट पाहा. इथले घाव उलटे तिरपे आहेत. ही भिंत कोरणारा कारागीर डावखुरा असावा."

"कोणाचं असेल हे, नाना?"

"गावातले म्हणतात, थाळनेरच्या किल्ल्यापर्यंत जातं. ते सोड. किल्ला परवाचा. ही माणसं त्याच्या फार आधीची. पुस्तकांत त्यांचा पत्ता नाही."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर धूळ बसली होती आणि ती पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. माझ्याशी ते इतकं सलग कधी बोलले नव्हते. आमच्या घरात बोलणं कमीच. नानांना शुद्ध बोललेलं लागे, मायच्या तोंडी अहिराणी. ती बोलली की ते सुधारून देत. रागानं नाही, सवयीनं. पुढे पुढे ती विचारल्याला उत्तर देण्यापुरतीच बोलू लागली. ती गेल्यावर त्या घरात नुसतं घड्याळ उरलं होतं. आता नानांना कोणीतरी मिळालं होतं, मग ती हजारो वर्षांपूर्वीची माणसं का असेनात. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. दर शनिवारी गावाकडे न जाण्याला आता कारण होतं.

हिवाळाभर कार्डं येत राहिली. भुयाराची लांबी, कोनाड्याचं माप, डावखुऱ्या कारागिराची अंदाजे उंची. मी ग्रंथालयातल्या कुठल्याशा कपाटात शोधून दोन-तीन पुस्तकं पाठवली. उत्तरादाखल 'वा, छान' असं लिहीत असे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तेव्हा नाना सकाळीच पांढरीवर गेले होते. शेजारच्या अक्का अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. मी ओले बिबडे उचलून त्यांच्या हातात देऊ लागले.

"गुरुजी गयात का खानमा?" त्यांनी विचारलं.

"कोणती खाण, अक्का? ते भुयार आहे. जुन्या लोकांनी खोदलेलं."

अक्कांचा हात थांबला. मग त्या हसू लागल्या. "जुना लोके? मंग मी काय नवी शे का?"

"म्हणजे?"

"आम्हीनच खंदेल शे ते, व माय. वरली गल्लीन्या बठ्ठ्या बाया. धाबावर टाकाले माटी काय आभायमाईन पडे का?"

आमच्या गावातली तेव्हाची घरं बहुतेक धाब्याची, सपाट मातीच्या छपराची. दर उन्हाळ्यात धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागे, म्हणजे पावसात पाणी आत उतरत नाही. ती माती पांढरीवरून येते हे मला माहीत होतं. ती कोण आणतं, कशी खोदतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. अक्का सांगत गेल्या. वरची माती कमअस्सल, चांगली माती पोटात. म्हणून बायका दरडीतून आडव्या शिरत गेल्या, माती नेईल तिकडे वळत गेल्या. त्यांच्या सासवांनी सुरुवात केलेली, पुढे यांनी वाढवली. आत दिसावं म्हणून कोनाड्यात चिमणी ठेवत. एका वर्षी आतला मोठा तुकडा पडला, बाया थोडक्यात वाचल्या, तेव्हापासून बंद केलं. पुढे बऱ्याच घरांवर पत्रे आले, उरलेल्यांना वरवरची माती पुरे.

"मग नानांना कोणी सांगितलं का नाही?"

"माणसंस्ले काय मालूम? धाबं गळनं म्हणजे त्या वर देखतस." मग त्यांचा आवाज उतरला. "अन् गुरुजी तठे जाई बसतस तं बरं शे. घरमा एकटा बसीसन काय करतीन?"

"माय पण जायची?"

"तुनी माय तं पुढे ऱ्हाये. डावखोरी व्हती ना ती. उजवाकडनी भिंत आम्हले जमे नही. ती तिनीच कोरेल शे."

मी बिबडे देत राहिले. माय माझे केस डाव्या हातानं विंचरायची. चारचौघांत वाढताना, जेवताना उजवा हात. पण पाठीमागे कोणी बघत नसताना डावा. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

त्या सुट्टीत मी नानांना काही बोलले नाही. त्यांनी पुण्याच्या एका संशोधकांना लांबलचक पत्र धाडलं होतं आणि ते उत्तराची वाट पाहत होते. उत्तर येणारच नाही, असं मी धरून चालले. दिवाळीनंतर कार्ड आलं: अमुक दिवशी संशोधक स्वतः येत आहेत, तू रजा काढून ये.

तेव्हापासून मला झोप लागेना. सांगितलं तर नानांचं भुयार जाणार, आणि त्याबरोबर त्यांना मिळालेली सोबतही. नाही सांगितलं तर परगावचा माणूस सगळ्या गावासमोर सांगणार. जळगाव ते धुळे, धुळ्याहून पुढची गाडी, सगळा प्रवास मी वाक्यं जुळवत होते. पोचले तेव्हा नाना आनंदात होते, म्हणून ती संध्याकाळही गेली.

सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. वही, नकाशे, खापरांची पिशवी ओट्यावर मांडून ठेवली.

"नाना, एक सांगायचंय."

"बोल. जीप येईल एवढ्यात."

"ते भुयार जुनं नाही. गावातल्या बायकांनी खोदलंय. धाब्याच्या मातीसाठी. अक्का सांगत होत्या."

"अक्कांना त्यातलं काय कळतं?"

"मायपण जायची त्यांच्याबरोबर."

"शक्य नाही. मला माहीत नसतं?"

मी गप्प राहायला हवं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणाले, "उजवी भिंत मायनं कोरलीय. डाव्या हातानं."

नानांनी ओट्यावरची वही उचलली आणि पुन्हा ठेवली. त्यांनी विचारलं, "ती डावखुरी होती?"

"हो."

"कधीपासून?"

तेवढ्यात जीप आली.

पांढरीपाशी अर्धं गाव जमलं होतं. संशोधक मध्यम वयाचे, अबोल, टोपी हातात धरून ऐकणारे. नाना भुयाराच्या तोंडापाशी उभे राहिले. वही त्यांनी उघडलीच नाही.

"आपल्याला इतक्या लांब बोलावलं, पण माझी चूक झाली," ते म्हणाले. "हे भुयार प्राचीन नाही. आमच्या गावातल्या स्त्रियांनी मातीसाठी खोदलं आहे. माझी पत्नीही त्यांच्यात होती."

मागून एक जण ओरडला, "मंग गुरुजी, थाळनेरले आते यष्टीनंच जानं पडी!" सगळे हसले. बायका हसल्या नाहीत. त्या पदर तोंडाशी धरून नानांकडे बघत होत्या.

संशोधक तरीही आत जाऊन आले. त्यांनी भिंतीतून दोन-तीन खापरं काढली, फुंकर मारून उन्हात धरली. लाल खापरावर काळ्या रेघा होत्या. ते म्हणाले, पांढरी मात्र खरंच फार जुनी आहे. बायकांनी खोदलं म्हणून थर आयते उघडे पडलेत. इथे माणसं राहत होती, धान्य दळत होती, चुली सारवत होती. यापुढे इथली माती कोणी काढू नका.

"मंग धाबं कशानं झाकानं?" अक्कांनी मागून विचारलं. संशोधकांनी खापरं रुमालात बांधली. चहा घेऊन ते गेले. पुढे काही कळलं नाही.

नाना परत भुयारात गेले नाहीत. कार्डं पुन्हा आखूड झाली. तब्येत बरी आहे, थंडी पडली आहे. मी रोज ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत असे आणि मनात तेच वाक्य फिरे, की त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, तीही मी काढून घेतली.

संक्रांतीला गेले तर घराला कडी. नाना अक्कांच्या ओट्यावर बसले होते. माझे वडील शेजारच्या बाईच्या ओट्यावर बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. अक्का खाली बसून शेंगा फोडत होत्या. शेजारच्या दोघी-तिघीही होत्या.

"आत काय बोलत असायची ती?" नाना विचारत होते.

"आते काय याद ऱ्हास, गुरुजी? मोक्कार बोले. बठ्ठास्मा जास्ती तीच बोले. हसाडी हसाडी पोट दुखे आम्हनं."

"ती हसवायची?"

"तुम्हनी नक्कल करे." हे बोलून अक्कांनी जीभ चावली.

"कशी?"

"जाऊ द्या ना."

"नाही, करून दाखवा."

अक्का आढेवेढे घेत उठल्या. एका हातानं शेंगांचं सूप पुस्तकासारखं डोळ्यांपुढे धरलं, दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातल्यासारखं केलं. मग घोगऱ्या आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाल्या, "भाजी छान झाली आहे हो." आणि लगेच आपल्या आवाजात, "अन् ताटमा भाजीच नही! नुसती चटणी वाढेल व्हती तिनी. देखाले का गुरुजी वर देखतस का नही!"

बायका हसू आवरू लागल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "आणखी?"

त्यानंतर ते रोज जात. अक्कांना जे जे आठवलं ते सांगितलं. माय पाण्यात बघून पाऊस येणार की नाही ते सांगायची; तिला माहेरच्या नदीची स्वप्नं पडत; पोरगी शिकतेय म्हणून ती सगळ्यांना ऐकवायची आणि आत एकटी राहिली की काहीतरी गुणगुणायची. काय गुणगुणायची ते अक्कांना सांगता येईना. दोनेक वर्षांनी अक्का म्हणाल्या, "सरनं, गुरुजी. आते मी बनाडीसन सांगू का?" नाना म्हणाले, रचून नको. तरी जाऊन बसत. मी गेले की रात्री जेवताना ते मला विचारत, "तू कधी गेली होतीस का तिच्याबरोबर आत?" गेले नव्हते. पोरीच्या हाताला पुस्तकच शोभतं, असं नाना म्हणायचे आणि माय मला घरी अभ्यासाला बसवून जायची. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

नव्वदनंतर एका पौषात नाना गेले. तार मिळून मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत त्यांची पुस्तकं आवरत होते. बाहेर अंगणात अक्का आणि गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. मला कुजबुज ऐकू आली, नानांचा उल्लेख, आणि मग दाबलेलं हसू. कोणीतरी घसा खाकरून त्यांच्यासारखा आवाज काढत होतं.

मी हातातलं पुस्तक ठेवून बाहेर आले. एकीनं पदर सावरला.

"काय बोलत होतात?" मी विचारलं.

"काही नही व माय. आसंच."

"सांगा ना."

अक्कांनी मला जागा करून दिली. मी त्यांच्यात जाऊन बसले. एक जण माझ्यासाठी पाणी आणायला उठली, दुसरीनं मी जेवले का ते विचारलं. बराच वेळ बसले, पण ती नक्कल पुन्हा कोणी केली नाही. आता त्या माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होत्या.