संडास आधी, शेड नंतर

मुलुंडला पूर्वेकडे कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं तेव्हा वारा फिरला की आई बोलता बोलता उठायची आणि खिडक्या लावायची. वाक्य तुटायचं नाही. ती टेलिफोन ऑपरेटर होती. नोकरीतून निवृत्त झाली, आवाज काही निवृत्त झाला नाही. पुढे डंपिंग बंद झालं, आम्ही खिडक्या उघड्या ठेवायला शिकलो, आणि मग एक दिवस कॉलनीच्या फाटकावर नोटीस लागली. मागच्या नाल्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर सुका कचरा वेगळा करायचं केंद्र करायचा विचार आहे, नागरिकांनी येऊन आपलं म्हणणं मांडावं.

म्हणणं मांडायला आमच्या कॉलनीत नोटिशीची गरज नसते. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर डेंग्यू, घुशी आणि फ्लॅटचे पडलेले भाव येऊन गेले. सोसायटीचे चेअरमन, जे एरवी लिफ्टच्या पंख्याबद्दलसुद्धा निर्णय घेत नाहीत, त्यांनी लिहिलं, ‘विरोध शांततेत करू, पण करू.’ खाली त्यांनी आईचं नाव टाकलं. आपल्या बाजूने त्याच बोलतील. आईने होकाराचा अंगठा टाकला.

सभा पालिकेच्या शाळेत होती. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही सगळे गुडघे हनुवटीला लावून बसलो. समोर पालिकेचा एक तरुण इंजिनियर आणि एका संस्थेची उत्साही बाई. तिने टेबलावर वॉर्डाचा मोठा नकाशा पसरला होता. स्टिकर आणायला ती विसरली होती, म्हणून समोरच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली होती. “केंद्र कुठे व्हावं असं तुम्हाला वाटतं, तिथे टिकली लावा,” ती म्हणाली.

चेअरमननी आपली टिकली शेजारच्या टॉवरच्या स्विमिंग पूलवर लावली. टॉवरवाल्यांनी आपल्या टिकल्या आमच्या फाटकावर लावल्या. एकीने स्मशानाची जागा निवडली, कारण तिथून तक्रार येणार नाही. थोड्या वेळाने नकाशा नवरीच्या कपाळासारखा दिसायला लागला, आणि कुणाचीही टिकली स्वतःच्या घराजवळ नव्हती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका टिकली बोटावर घेऊन म्हणाले, “या नकाशात माहुल नाही. तिकडे न्या ना. तिकडे तसाही रिफायनरीचा वास असतो.”

“माहुलला माणसं राहतात, काका,” आई म्हणाली. “माझी नणंद राहते.”

“मग त्यांना सवय असेल.”

हॉल हसला. मीही अर्धवट हसले असेन. आई हसली नाही. ती उठली, आणि आमच्या बाजूचे लोक सरसावून बसले, कारण आता तोफ सुटणार होती.

“केंद्र आमच्या मागच्या प्लॉटवर होऊ दे,” आई म्हणाली.

चेअरमन बाकावरून अर्धे उठले, आईने हातानेच त्यांना बसवलं.

“पण ऐका. शाळा सुटते तेव्हा गाड्या यायच्या नाहीत. ओला कचरा आत घ्यायचा नाही. आणि आमच्यातली दोन माणसं न सांगता कधीही आत जाऊन बघतील.”

“कधीही म्हणजे?” इंजिनियरने विचारलं.

“मला वास आला की.”

बाहेर आल्यावर चेअरमननी तिला गाठलं. “ताई, तुम्ही आमची वाट लावलीत.”

“तुम्ही टिकली कुठे लावलीत?”

“तो निषेध होता.”

घरी मी तिच्याशी भांडले. “आई, तुला कुणी सांगितलं होतं हे?”

“विचारलं ना त्यांनी. डंपिंगच्या वेळी कुणी विचारलं होतं? आता पहिल्यांदा विचारतायत, तर नुसतं नको म्हणून उठून येऊ?”

मी फ्लॅटचा भाव काढला. “विकायचाय का तुला?” तिने विचारलं. विकायचा नव्हता. मग मी भांडी घासायला गेले.

कॉलनीने तिच्याशी बोलणं टाकलं. बुद्धपौर्णिमेला आमची खीर दरवर्षी सगळे मजले फिरते. त्या वर्षी बहुतेक दारं उघडलीच नाहीत. आई भरलेलं पातेलं घेऊन परत आली आणि तिने खीर फ्रिजमध्ये ठेवली. आम्ही दोघी पुढचे कितीतरी दिवस खीर खात होतो, आणि मला तिचा राग यायचा थांबला तो त्याच दिवसांत. दारं ज्यांनी लावली त्यांचा यायला लागला.

मग आईने हट्ट धरला की चालू असलेलं केंद्र आधी बघायचं. इंजिनियरने जीप काढली. चेअरमन पुरावे गोळा करायला म्हणून बरोबर आले, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. दुसऱ्या उपनगरातली ती शेड होती. पुठ्ठ्यांचे, बाटल्यांचे ढीग, धूळ, मोबाइलवर लावलेली गाणी. दहाबारा बाया बसून कचरा निवडत होत्या. वास फारसा नव्हता. चेअरमन रुमाल काढून पुन्हा पुन्हा हुंगून बघत होते आणि निराश होत होते.

आईने एका बाईजवळ बसून विचारलं, “बाई, जायचं असलं तर कुठे जाता?”

ती हसली. “सकाळी घरून जाऊन येतो. मग पाणीच पीत नाही.”

आई इंजिनियरकडे वळली. “लिहा. संडास आधी, शेड नंतर.”

त्याने लिहून घेतलं. अर्थातच आमच्या मागच्या प्लॉटवर शेडच आधी झाली. संडास झाला, गुलाबी टाइल्ससकट, पण पाण्याचं कनेक्शन नव्हतं. ते प्रक्रियेत आहे, असं सांगण्यात आलं. बाया कामाला आल्या त्या पहिल्याच दिवशी आई त्यांना घेऊन आमच्या बिल्डिंगच्या खालच्या संडासाकडे आली, जो वॉचमन आणि ड्रायव्हर लोकांसाठी आहे. लिफ्टसमोर रांग लागली.

चेअरमन धावत आले. “ताई, हे सोसायटीचं आहे.”

“माहितीये. त्यांच्याकडे पाणी येईपर्यंत.”

“आणि ते कधी येणार?”

“मला काय विचारता? मी बाईमाणूस, निवृत्त.”

दुसऱ्या दिवशी चेअरमन सभेला न आलेल्या सगळ्यांना गोळा करून वॉर्ड ऑफिसला गेले आणि तिथेच बसले. जेवणाच्या सुट्टीतही उठले नाहीत. इतक्या जोरात लढताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आठवडा संपायच्या आत नळाला पाणी आलं. चेअरमननी नळाला लाल रिबीन बांधून कापली, ग्रुपवर फोटो टाकला, ‘महिला भगिनींसाठी आपला खारीचा वाटा.’ आईने टाळ्या वाजवल्या, मनापासून. कुणी कशासाठी का करेना, नळ चालू झाला की तिचं भागतं.

सगळं छान झालं असं नाही. पावसात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोच. आणि सभेत जिचं नावही कुणी काढलं नव्हतं ती कटकट निघाली बाटल्यांची. सकाळी सहाला गाडीतून काच ओततात तेव्हा अख्खी कॉलनी ताडकन उठून बसते. आई दोनदा तरातरा आत जाऊन भांडून आली. तिसऱ्यांदा चेअरमन दारात आले. सभेनंतर पहिल्यांदाच आमच्या घरात आले आणि उभ्यानेच म्हणाले, “ताई, दोघं जाऊन सांगू या.”

दोघं गेले. वेळ बदलून मिळाली. परत आले ते मात्र जिन्यातून भांडत, काच नऊला ओतायची असं ठरलंय की साडेनऊला.