संताच्या डाव्या दांड्याखाली

इटलीत मी पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथलं एक डोंगरी गाव मला तोंडपाठ आहे. चर्चमागच्या कारंज्याचं पाणी इतकं गार, की पिणाऱ्या गाढवाचे दात कडाकडा वाजतात. वरची आळी खालच्या आळीशी बोलत नाही. कुणीतरी कुणाची तरी कोंबडी खाल्ली होती म्हणे. विटांच्या भट्ट्यांवर काम मिळालं म्हणून हे गाव अख्खंच्या अख्खं लंडनच्या उत्तरेला आलं, येताना भांडणही सामानात बांधून. आमच्या रस्त्यावर डाव्या हाताला वरची आळी, उजव्या हाताला खालची.

मी वरच्या आळीतल्या एका आजींचा भाडेकरू. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, उंचीने बेताचा. ती उंचीच नडली. गावाच्या संताची लाकडी मूर्ती दर उन्हाळ्यात दोन लांब दांड्यांवर ठेवून खांद्यावरून मिरवतात. डाव्या दांड्याचा म्हातारा गेला, आणि नवी पोरं इंग्लिश दूध पिऊन ताडमाड वाढलेली. त्यांच्या खांद्यावर संत कलंडायचा. आजींनी मला झाडूच्या दांड्याने मापलं.

"देवाने तुला उगाच बुटका नाही केला!"

"आजी, मला साउथहॅम्प्टनला नोकरी लागलीय. सोमवारपासून—"

"आधी संत. मग तोंड उघड."

ते शब्दशः होतं. दांड्याखालच्याने बोलायचं नाही; बोलला तर गावाचे टोमॅटो वर्षभर आंबट. मूर्ती दोन टनांची. बरं, अडीच. प्रत्येक दारी थांबायचं, आणि माझा खांदा मोडावा म्हणून खालच्या आळीने तर संताला पार मुक्कामालाच ठेवलं.

शेवटी चर्चच्या पायरीवर आजी गरजल्या, "हा आमचा डावा खांदा! मरेपर्यंत!"

दोन्ही आळ्यांनी टाळ्या पिटल्या. मला 'नाही' म्हणायचं होतं, पण तोंड बंद, आणि ओझ्याने मान मात्र खालीवर होत होती. सगळ्यांना वाटलं, पोरगा हो म्हणतोय.

मूर्ती खाली टेकताच मी ओरडलो, "आजी, मी उद्या चाललो!"

"जा की! साउथहॅम्प्टन काय चंद्रावर आहे? रविवारीसुद्धा ट्रेन असते."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात येतो. आता कंपनी मला टोरोंटोला पाठवतेय. पगार दुप्पट, बायको खूश. आजींना कळवलं. त्या म्हणाल्या, "तिथे विमानतळ आहे ना?"

मी काल मॅनेजरला नकार कळवला. खांद्याची अडचण आहे, म्हणालो. त्याने फिजिओचा पत्ता दिला.